मोजणीतून गळलेली बदके

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला पाहिले असेल. तळहातात मावेल एवढा मी, पोटावर चार खिडक्या, डोक्यावर एक बटण, कुशीला एक कळ. बटण दाबले की टिक असा आवाज होतो आणि खिडकीतला आकडा एकाने वाढतो. कळ फिरवली की चारी खिडक्यांत शून्य. माझ्या डब्यावर 'मोजणीयंत्र' असे भारदस्त नाव छापले होते, पण ज्या घरात मी गेलो तिथल्या मामींनी पहिल्याच दिवशी मला टिकटिक्या म्हटले आणि तेच नाव पडले. आता मी म्हातारा झालो आहे. एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती सांगून टाकतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलाशी बसलेल्या एका बाईंनी माझे बटण शंभर वेळा दाबले. शंभरच भरले. मग त्यांनी आतल्या चाकांवर तेलाचा थेंब सोडला आणि माझ्या पाठीवर हिरवी पट्टी चिकटवली. पास! डब्यात माझ्याबरोबर त्यांनी एक चिठ्ठीही ठेवली होती : दर वर्षी तेलाचा एक थेंब द्यावा. ती चिठ्ठी पुढे एकोणीस वर्षे डब्यातच घडी घालून पडून राहिली. मला मात्र हिरव्या पट्टीचा असा काही ताठा चढला होता की, तेलाची आठवण मलाही झाली नाही.

मामांच्या हातात मी आलो तो त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. मामा म्हणजे घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचणारे. एकतीस वर्षे त्यांनी तेच काम केले. गावाने त्यांचे नाव मीटरमामा पाडले होते आणि ते त्यांना आवडायचेही. कुणी दारात म्हणाले की, "अहो, एवढं पाणी आम्ही वापरलंच नाही," तर मामा गुडघ्यावर बसायचे, काच पुसायचे, आकडा पुन्हा दाखवायचे आणि म्हणायचे, "माणूस विसरतो. आकडा विसरत नाही." हे वाक्य त्यांनी इतक्या दारांत म्हटले होते की, ते त्यांच्या हाडीमाशी खिळले होते. त्यांचा हिवाळ्यातला पक्ष्यांचा नाद ठाऊक असलेल्या सोबत्यांनी निरोपाला मला भेट दिले.

गावाबाहेर पाण्याचा मोठा तलाव होता. त्याचे पाणी नळांना जायचे. एका अंगाला दगडी बांध, पायऱ्या आणि पंपघर, दुसऱ्या अंगाला उथळ पाणी आणि डोक्याएवढे पाणगवत. हिवाळा लागला की, दूरदेशीची बदके त्या उथळ बाजूला उतरायची. गवंड्याच्या थापीसारखी चोच असलेले थापट्या, टोकदार शेपटीचे तलवार बदक, कपाळावर पांढरा ठिपका मिरवणारे काळे चांदवे. मामा गळ्यात दुर्बीण अडकवून भल्या सकाळी बांधावर उभे राहायचे. दुर्बीण डाव्या हातात, मी उजव्या. नजर पाण्यावरून डावीकडून उजवीकडे सरकायची आणि अंगठा माझ्या डोक्यावर. एक पक्षी, एक टिक.

हा नुसता नाद नव्हता. थंडीतल्या एका ठरलेल्या रविवारी दरवर्षी मोजणी व्हायची आणि तो आकडा मामांच्या सहीने पाणीखात्याच्या कचेरीत जायचा. बांधावर एक पाटीच लावलेली होती. तिच्यावर लिहिले होते की, हिवाळी पक्षी हजारांवर असतील तोवर उथळ बाजूला होडी घालता येणार नाही. सलग तीन हिवाळे आकडा हजाराच्या खाली गेला, तर ती बाजू होड्यांना मोकळी होईल. पण त्या पाटीची काळजी कुणाला होती? दरवर्षी तेराशे, चौदाशे भरायचे. एकदा तर पंधराशे सहा. त्या दिवशी मामांनी मला रुमालाने इतके पुसले की, माझ्या पाठीत त्यांना स्वतःच्या मिशा दिसल्या. रोज बाहेरून पुसत होते हो ते मला. आतून कसे पुसायचे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि चिठ्ठी डब्यात होती.

मोजायला मामांच्या जोडीला त्यांची भाची असायची. बहिणीची मुलगी, तिशीची, बेकरीत भट्टीवर काम करणारी. रात्रपाळी संपवून ती थेट तलावावर यायची. तिच्या बाह्यांना पीठ असायचे आणि अंगाला ताज्या पावाचा वास. तिच्यापाशी यंत्र नव्हते. वहीत पेन्सिलीने पाच-पाच रेघांचे गठ्ठे मारायची. तिची नजर मात्र तयार होती. भट्टीतून निघालेल्या ट्रेकडे नुसते पाहून त्यात एक पाव कमी आहे हे ती सांगायची. दोघे वेगवेगळे मोजायचे आणि मग आकडे ताडून पाहायचे. दहा-वीसचा फरक आला की, मामा हसत म्हणायचे, "पाव हलत नाहीत गं बाई, बदकं हलतात." ती म्हणायची, "मग बदकांना सांगा, ट्रेमध्ये बसा म्हणून." तिलाही गंमत वाटायची, मलाही.

मग तो रविवार आला. बांधाच्या पायऱ्यांवर दवाचा बर्फ धरला होता. मामांचा पाय घसरला. ते सावरले, पण मी हातातून सुटलो आणि ठण ठण करत तीन पायऱ्या खाली गेलो. भाचीने धावत जाऊन मला उचलले.

"मामा, घड्याळवाल्याला दाखवून घ्या एकदा. आपटलाय चांगलाच."

"बघू इकडे." मामांनी मला मुठीत धरून फुंकर मारली आणि दहा वेळा बटण दाबले. दहा आले. "हे बघ. काही झालेलं नाही."

घरी गेल्यावर त्यांनी शेगडीजवळ बसून शंभर वेळा दाबून पाहिले. शंभर. मामांचा काही दोष होता असे मी म्हणणार नाही. त्यांनी तपासले. फक्त उबेत तपासले.

माझ्या आत काय झाले होते ते ऐका. एककाच्या चाकाला एक बारीक दात असतो. नवानंतर शून्य आले की, तो दात शेजारच्या दशकाच्या चाकाला ढकलतो. तो दात पायरीवर आपटून किंचित वाकला होता. त्यात माझे तेल जुने, कधीच न बदललेले. घरात ऊब असली की, ते पातळ राहायचे आणि सगळे ठीक चालायचे. पण तलावावरच्या कडाक्यात तासभर राहिलो की, तेल मेणासारखे घट्ट व्हायचे, दशकाचे चाक जागचे हलायचे नाही आणि वाकडा दात त्याच्यावरून नुसता घसरून जायचा. एकोणतीसनंतर तीस यायचे सोडून पुन्हा वीस यायचे. दहा बदके गेली! मामांची नजर तेव्हा दुर्बिणीत असायची, माझ्या खिडक्यांवर नसायची. मला मात्र ते कळत होते. प्रत्येक वेळी कळत होते. पण टिक यापलीकडे मला शब्द नव्हता.

त्याच रविवारी तलावावर मोजून झाले तेव्हा माझ्या खिडक्यांत नऊशे अडुसष्ट आले. भाचीच्या वहीत बाराशे नव्वद.

"एवढा फरक?" ती म्हणाली. "पुन्हा मोजू या ना मामा."

मामांनी नकारार्थी मान हलवली. मीटर वाचताना त्यांनी एक नियम आयुष्यभर पाळला होता. आकडा एकदाच वाचायचा. "दुसऱ्यांदा मोजायला लागलं की, माणूस मनासारखा आकडा काढतो," असे ते म्हणायचे. नियम प्रामाणिकपणाचा होता. पाणी कमी दाखवा म्हणून गळ घालणाऱ्या किती तरी माणसांना त्यांनी याच नियमावर परत पाठवले होते. त्यांनी नऊशे अडुसष्ट लिहिले आणि खाली सही केली.

पुढल्या हिवाळ्यात माझा वाकडा दात आणखी झिजला. माझ्यावर आठशे एकाहत्तर आणि तिच्या वहीत तेराशे चार. त्या दिवशी तलावावर फिरायला येणारी पाच-सात मंडळी बांधावर थर्मास उघडून चहा घेत बसली होती. भाची वही घेऊन मामांपुढे उभी राहिली.

"मामा, तुमच्या यंत्रात काहीतरी गडबड आहे. मला बदकं तेवढीच दिसतायत."

कुणीतरी हसले. मामांना ते लागले असावे. एकतीस वर्षे ज्या माणसाचा आकडा कुणी खोटा ठरवला नव्हता, त्याला बहिणीची मुलगी चारचौघांत गडबड आहे म्हणत होती.

"तू रात्रभर भट्टीपुढं उभी असतेस," ते म्हणाले. "डोळे तारवटलेले असतात तुझे. एकच बदक दोनदा मोजतेस आणि मला शहाणपण शिकवतेस. यंत्राला झोप येत नाही."

तिने खिशातून खोडरबर काढले, तेराशे चार पुसले, रबराचा भुगा फुंकला आणि वही मिटली. मामांना वाटले, तिला पटले. मी मामांच्या मुठीत होतो, मी तिचा चेहरा पाहिला. तिला पटले नव्हते. तिसऱ्या हिवाळ्यात ती आलीच नाही. बेकरीत काम फार आहे, एवढा निरोप तेवढा आला.

तिसऱ्या रविवारी मामा एकटेच उभे होते. मोजून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले. सातशे त्रेचाळीस. मग त्यांनी दुर्बीण खाली केली आणि उघड्या डोळ्यांनी कितीतरी वेळ पाण्याकडे पाहत राहिले. पाणी रिकामे नव्हते हो! पाणगवताच्या कडेने थापट्यांची रांगच्या रांग चोची पाण्यात घालून चरत होती. मामा स्वतःशीच पुटपुटले, "कमी वाटत नाहीत." त्यांचे डोळे त्यांना खरे सांगत होते. त्या क्षणी त्यांनी कळ फिरवून मला शून्यावर आणले असते आणि नुसत्या डोळ्यांनी पहिली शंभर बदके माझ्याशी ताडून पाहिली असती, तर मी आज हे सांगत बसलो नसतो. पण नियम तो नियम. त्यांनी सातशे त्रेचाळीस लिहिले आणि सही केली.

तीन हिवाळे पुरे झाले. उन्हाळ्यात पाणगवत कापले गेले. उथळ तळ खरवडला, लाकडी धक्का बांधला, लाल-पिवळ्या पायडलच्या होड्या आल्या. मामा ते पाहायला गेले नाहीत. मी टेबलाच्या खणात दिवस काढत होतो. "बदकंच उरली नाहीत, त्याला कोण काय करणार?" असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि सांगून झाले की, उगाच चष्मा पुसत बसायचे.

खणातून मला बाहेर काढले ते मामींनी. त्या मामांसाठी स्वेटर विणत होत्या आणि ओळी मोजताना त्यांची फार तारांबळ उडायची. "तुमचा टिकटिक्या नुसता पडून आहे, मला तरी कामाला येऊ दे," म्हणून त्यांनी मला लोकरीच्या टोपलीत घातले. एक ओळ, एक टिक. स्वेटरचे पुढचे-मागचे भाग आधीच झाले होते. बाहीला नव्वद ओळी. पहिली बाही त्यांनी संध्याकाळी शेगडीजवळ बसून विणली. मग डॉक्टरांनी सांगितले की, दिव्याखाली डोळे शिणवू नका, उजेडात विणा. म्हणून दुसरी बाही त्यांनी सकाळी गॅलरीत बसून, गारठ्यात नाक लाल करून विणली.

स्वेटर शिवून झाला. मामांनी तो घातला. डावी बाही मनगटावर नेमकी बसली. उजवी मात्र मनगट ओलांडून बोटांच्या टोकांपर्यंत लोंबत राहिली.

"माझा एक हात वाढलाय का गं?" मामा म्हणाले.

"नव्वदच ओळी विणल्यात. टिकटिक्यानं सांगितलं तिथंच थांबले."

"मग तूच चुकलीस. यंत्र कसं चुकेल?"

मामींनी एरवी वाद घातला असता. पण स्वेटरसाठी त्यांनी पाच आठवडे घालवले होते. त्यांनी सुईचे टोक लावून मामांच्या हातावरच एक-एक ओळ मोठ्याने मोजली. एकशे वीस भरल्या.

"तुमचं यंत्र ओळी खातंय," मामी म्हणाल्या. "तीस ओळी खाल्ल्यात मेल्यानं."

मामा हसायला म्हणून तोंड उघडणार होते, ते तसेच थांबले.

"ही बाही कुठं बसून विणलीस?"

"गॅलरीत."

"कधी?"

"सकाळची. बोटं आखडायची थंडीनं. का हो?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मामांनी मला गॅलरीच्या कठड्यावर तासभर ठेवले. मग तिथेच उभे राहून, मोठ्याने मोजत शंभर वेळा बटण दाबले. माझ्या खिडकीत साठ होते. त्यांनी मला शेगडीजवळ नेले, गरम होऊ दिले, पुन्हा शंभर वेळा दाबले. शंभर. स्वेटरची लांब बाही शेगडीपासून जपत मामा खाली बसले.

"तीन हिवाळे," ते मामींना म्हणाले. "तीन हिवाळे मी बदकं खाल्ली."

खाल्ली मी होती. पण सही त्यांची होती.

घड्याळवाल्याने मला उघडून वाकडा दात आणि घट्ट झालेले तेल भिंगातून दाखवले, तेव्हा मामांनी फक्त मान डोलावली. तिथून ते मला खिशात घालून पाणीखात्याच्या कचेरीत गेले. साहेब चांगला माणूस होता, खुर्ची दिली, सगळे ऐकून घेतले. मग त्याने फाईल उघडली.

"आकडे तुमच्याच हातचे आहेत, मामा."

"माझ्याच हातचे आहेत आणि चुकीचे आहेत. ती बाजू बंद करा पुन्हा."

"बंद करायला हजारांवर पक्षी लागतात. तुमचे जुने आकडे मी कसे बदलू? या रविवारी मोजणी आहे. खरा आकडा आणा, मी वर पाठवतो."

मामांना खरा आकडा काय येणार हे ठाऊक होते. मलाही ठाऊक होते.

तिथून ते बेकरीत गेले. त्या दिवशी दिवसपाळी होती, भाची लांब फळीने भट्टीतून ट्रे ओढत होती. मामा दाराशी उभे राहिले. लांब बाही त्यांनी तीनदा दुमडून वर केली होती, मामींना ती उसवू दिली नव्हती.

"तू बरोबर होतीस," ते म्हणाले. "दोन्ही वर्षं. मी चारचौघांत तुझ्या डोळ्यांना दोष दिला."

तिने ट्रे ठेवला, हात पुसले. सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुमचा आकडा चुकला याचं मला काही नाही, मामा. कुणाचाही चुकतो. पुन्हा मोजू या, एवढंच म्हणाला असतात तरी मला पुरलं असतं."

मामांनी दुमडलेली बाही आणखी वर सारली.

"रविवारी येशील?" त्यांनी विचारले.

"आता काय मोजायचं?"

"जे असेल ते."

रविवारी ती आली. बदके आली होती. आली, धक्क्यावरून आणि होड्यांवरून दोन फेऱ्या मारल्या आणि थव्यामागून थवा उंच होऊन निघून गेला. गवतच नाही, तर ती उतरणार कुठे? मागे राहिली तेवढी भाचीने पेन्सिलीने मोजली. मोजायला फार वेळ लागला नाही. दोनशे बारा. मामांनी तोच आकडा लिहिला, खाली आधी तिची सही घेतली, मग आपली केली. मग खिशातून मला काढले आणि तलावात भिरकावायला हात मागे नेला.

भाचीने मनगट धरले. "पाण्यात आधीच काय कमी कचरा झालाय? द्या इकडे. भट्टीपाशी उबेला राहील."

तेव्हापासून मी बेकरीत आहे, भट्टीशेजारच्या खिळ्याला टांगलेला. दर हिवाळ्याच्या तोंडाशी भाची मला न चुकता तेलाचा थेंब देते. निघणारा प्रत्येक ट्रे माझ्यावर मोजला जातो आणि माझा एकही आकडा चुकत नाही. सगळे मला फार वाखाणतात. ते वाखाणतात तेव्हा मला सर्वांत जास्त वाईट वाटते. जिथे चुकून चालणार नव्हते तिथे मी चुकलो, आणि आता पाव मोजण्यात हुशारी दाखवतो आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणीतरी असेल, बाहेरून लख्ख पुसलेले आणि आतून कोरडे. त्याला वेळेवर तेल द्या. डब्यातली चिठ्ठी वाचा. आणि तुमच्या शेजारी उभे असलेले कुणी म्हणाले की, मला वेगळे दिसते आहे, तर त्याला खोडरबर काढायला लावू नका. आधी त्याच्याबरोबर एकदा पाहा.

यंदाच्या मोजणीच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे खिळ्यावर होतो. दुपारी दोघे बेकरीत आले, थंडीने कुडकुडत. मामांची लांब बाही उलगडून बोटांवर आली होती, तिचाच त्यांनी हातमोजा केला होता. भाचीने भट्टीमागच्या भिंतीवर खडूने आकडा लिहिला. एकशे शहाण्णव. मामा त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग अगदी हळू आवाजात, परवानगी मागावी तसे म्हणाले, "पुन्हा मोजू या का?"

तिने वही उचलली. "चला."

उन्हे कलताना ते परत आले. भाचीने भिंतीवरचा आकडा पुसला नाही, त्याच्या खाली दुसरा लिहिला. तोही एकशे शहाण्णवच होता. माझ्या खिडक्यांत त्या दिवसाचे चौसष्ट ट्रे होते, बरोबर चौसष्ट.